दाखल होतेवेळी

“शेवटचं पान शेवटीच वाचायचं. आणि माणूस कशानं गेला हे आपण विचारायचं नाही. कशासाठी आला होता, तेवढंच विचारायचं.” मोठ्या बाई हे सांगायच्या तेव्हा समोरच्याकडे बघत नसत. फायलीची नाडी सोडता सोडता, फायलीलाच सांगितल्यासारखं सांगायच्या. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. चोवीस वर्षांपूर्वी ती हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड विभागात रुजू झाली तेव्हा विभाग त्या सांभाळत, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक जाडजूड फाईल तिच्यापुढे सरकवून विचारलं होतं, सांग, हा का आला होता. तिनं चटकन शेवटचं पान काढलं आणि म्हणाली, हार्ट अटॅक. बाईंनी फाईल ओढून घेतली, पहिलं पान तिच्या नाकासमोर धरलं. तो माणूस आला होता पाय मोडून. शिडीवरून पडला होता. हृदय बंद पडलं ते नवव्या दिवशी. “तू त्याला हृदयविकारानं आणलंस,” बाई म्हणाल्या होत्या, “मग त्याच्या शिडीचं मी काय करू आता?” तिला तेव्हा हसू आलं होतं आणि लगेच हसल्याची लाज वाटली होती. आज आठवताना दोन्ही नुसतं आठवलं, वाटलं काहीच नाही.

कामाचं स्वरूप बाहेरच्या माणसाला सांगायचं तर फार नाही. पेशंट घरी जातो, किंवा जात नाही, आणि मग त्याची फाईल ट्रॉलीतून खाली येते. त्यात दाखल होतानाचा कागद असतो, डॉक्टरांच्या नोंदी, सिस्टरांचे तक्ते, तापाचे आलेख, लॅबच्या चिठ्ठ्या. त्या सगळ्यातून एक आजार उचलून सगळ्यांच्या डोक्यावर बसवायचा. तो सर्वांत मोठा असेलच असं नाही, आणि शेवटचा तर बहुधा नसतोच. सगळ्या तपासण्या संपल्यावर मागं वळून बघायचं आणि विचारायचं, त्या दिवशी या माणसाला पायऱ्या चढून इथं कशानं आणलं. ते मुख्य निदान. त्याला अक्षर-आकड्यांचा एक कोड. बाकीची दुखणी त्याच्या मागं रांगेत, आणि प्रत्येकापुढे एक चौकट: दाखल होतेवेळी होतं का. उत्तरं चारच. हो. नाही. कागदावरून कळत नाही. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. चोवीस वर्षांत तिनं या चौकटी किती भरल्या असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. पण बाईंनी सांगितलेलं तिनं नेमासारखं धरलं होतं. सकाळी आल्यावर पहिली फाईल हातावेगळी होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, आणि कुठलीही फाईल पहिल्या पानापासूनच वाचायची, मग ती दोन पानांची असो की दोनशे. हा दुसरा नेम विभागात इतका माहितीचा होता की तिला मागून ‘पहिलं पान’ म्हणत. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ तर तोंडावरही म्हणत. त्यांना स्वतःला सगळे ‘कानटोपी’ म्हणत, कारण तळघरातल्या एसीची हवा नेमकी त्यांच्या टाळूवर पडे आणि ते बारा महिने लोकरीची टोपी कानावर ओढून बसत. एकमेकांची नावं पगाराच्या कागदावर होती, तेवढी पुरत.

गेले दोन आठवडे जुन्या फायलींची फेरतपासणी चालू होती. सगळं कॉम्प्युटरवर चढायचं होतं, आणि चढण्याआधी दर पन्नासावी फाईल काढून तिचे कोड बरोबर आहेत की नाही ते बघायचं. आज सकाळी तिच्या गठ्ठ्यातली पहिलीच फाईल. कडा पिवळट, टाचण्यांना गंज. पहिलं पान. वय अठ्ठ्याहत्तर. दाखल झाल्याची वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तक्रार: चार दिवस ताप, लघवीला जळजळ, कालपासून बोलण्यात असंबद्धता. सोबत आलेली व्यक्ती: सून. इथं तिचं बोट थांबलं. का थांबलं ते तिला आधी कळलं नाही. सोबत सून आलेली फाईल काही नवलाची नसते. मग तिनं वर जाऊन नाव वाचलं. नावं ती वाचत नसे, म्हणजे डोळे त्यांच्यावरून जात, पण वाचत नसत, तीही एक सवय. नाव तिच्या बाबांचं होतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, त्यामुळे गठ्ठे वाटणाऱ्याला कळायचं कारणच नव्हतं. सहा वर्षांपूर्वीची फाईल. ती वाट बघत बसली, काहीतरी होईल म्हणून. छातीत धस्स होईल, घसा दाटेल, निदान हात थरथरेल. एसी घुमत होता. समोर कानटोपी पेन्सिलीला टोक करत होते आणि पेन्सिलीच्या साली एका कागदावर नीट गोळा करत होते. तिच्या बोटांना मात्र हातावर झोपून उठल्यावर येतो तसा बधिरपणा आला होता. कागदाची कड लागत होती, पण दुसऱ्याच कोणाच्या तरी बोटांना लागल्यासारखी.

घरच्या माणसाची फाईल आली की ती न वाचता बाजूला ठेवायची आणि दुसऱ्याला द्यायची, हा नियम तिला पाठ होता. नव्या मुलींना तो तीच शिकवायची. तिनं फाईल बाजूला ठेवली नाही. तिनं पान उलटलं, कारण पहिल्या पानानंतर दुसरं येतं. दुसरं पान सिस्टरांचं होतं. त्यावर माणसाची दोन चित्रं छापलेली असतात, एक पुढून, एक मागून. तोंड नाही, नाक नाही, नुसती कड. दाखल होताना अंगावर जखम, सूज, खरचटलेलं काही असेल तर तिथं फुली करायची. बाबांच्या मागच्या चित्रावर फुली नव्हती. बाजूला निळ्या शाईत लिहिलं होतं: पाठ, कंबर, टाचा पाहिल्या, कातडी चांगली. आणि त्याखाली, जागा उरली होती म्हणून असेल किंवा लिहिणारीचा स्वभाव म्हणून, आणखी एक ओळ: घरी निगा चांगली दिसते. खाली सही, वेळ चार पस्तीस. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग पुढची पानं एकेक करून. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी रात्रीच्या सिस्टरनं माकडहाडापाशी लाली लिहिली होती. सहाव्या दिवशी कातडी फुटली होती. नवव्या दिवशी वास. अकराव्या दिवशी शेवटचं पान, ज्यावर पहिल्याच ओळीत डॉक्टरांच्या ठसठशीत अक्षरात होतं: पाठीच्या बेडसोरमधून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. आणि फायलीच्या सुरुवातीला लावलेल्या कोडच्या तक्त्यावर मुख्य निदान म्हणून तीच जखम बसवलेली होती, आणि तिच्यापुढच्या चौकटीत ‘हो’. कागदाच्या लेखी बाबा जखम घेऊन आले होते. लघवीचा त्रास मागं रांगेत पाचवा.

हे शेवटचं पान तिनं याआधी एकदा वाचलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या लांब कॉरिडॉरमध्ये, उभ्यानं. दादानं तो कागद तिच्यापुढे धरला होता, तुला यातलं कळतं, बघ काय लिहिलंय. दादाचे डोळे कोरडे होते आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. तिनं पहिली ओळ वाचली, कागदाची घडी केली आणि हळू आवाजात म्हणाली, “जखम घरूनच झालेली असणार, दादा. अशी जखम काही चार-दोन दिवसांत होत नाही.” ती नेहमी हळूच बोलायची. तिच्या हळू बोलण्याला घरात मान होता. ही उगाच काही बोलणार नाही असं सगळे धरून चालत. पलीकडे दोन हातांवर वहिनी उभी होती, थर्मास आणि धुतलेल्या चादरींची पिशवी घेऊन. तिनं ऐकलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच. अशी जखम चार-दोन दिवसांत होते. तीन दिवसांत झालेली तिनं फायलींमध्ये पाहिली होती, ताप असलेला म्हातारा माणूस उताणा पडून राहिला तर दोन दिवसही पुरतात हे तिला ठाऊक होतं, स्वतःच्या हातानं चौकटीत ‘नाही’ भरलेलं होतं. तरी ते वाक्य तिच्या तोंडून आलं, आणि आलं ते इतक्या सहज, की बरेच दिवस आधी तयार करून ठेवलेलं असावं.

तयार कधी केलं होतं, ते आत्ता फायलीवर हात ठेवून बसली असताना तिला दिसत होतं. लाज वाटावी असं, पण वाटत नव्हती, नुसतं दिसत होतं. बाबांना दाखल केलं त्या संध्याकाळी वहिनी वॉर्डमधून हलायला तयार नव्हती. रात्री थांबायला परवानगी नसते, असं सिस्टर म्हणाली, तरी वहिनी बाकावर बसून राहिली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते त्यांची, ती म्हणत होती, मी नुसती तेवढी बदलते, कोणाच्या मध्ये येत नाही. तेव्हा तीच वहिनीला म्हणाली, वहिनी, तुम्ही घरी जा, दमलात. इथली सगळी आपली माणसं आहेत. मी आहे ना, मी बघते. वहिनी तिच्याकडे बघत राहिली आणि मग उठली. तिनं नंतर खरंच बघितलं, सकाळी कामाला येताना दहा मिनिटं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं. वॉर्ड भरलेला होता, सिस्टर दोन, पलंग बत्तीस. पाचव्या दिवशी दुपारी बाबा तिला म्हणाले, मला उलटं कर. ताप होता, असंबद्ध बोलत होते, तिला वाटलं भ्रमातलं बोलतायत. बाबा, पडून राहा, ती म्हणाली, आणि चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढून नीट केली. चादर नीट करण्यात तिचा हात चांगला होता. कोपरे दुमडून अशी बसवायची की खाली माणूस आहे हे पटकन कळू नये. मग ती खाली आली आणि कोणाच्या तरी फायलीचं पहिलं पान वाचायला लागली.

दादा त्या वाक्यानंतर वहिनीशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला कधीतरी शेवट असतो. त्यानं कधी आवाज चढवला नाही, घरात ठरलेली कामं ठरल्यासारखी केली, तिला बाजारात सोडलं, तिच्या माहेरच्या लग्नांना गेला. फक्त आपली पाठ तिच्याकडे केली नाही. हे शब्द तिचे नव्हते, वहिनीचेच होते. एकदा भाजी निवडता निवडता सहज बोलल्यासारखं म्हणाली होती, तुमचा भाऊ माझ्याकडे पाठ करत नाही हो, वन्सं, किती आदर बघा, आणि स्वतःच हसली होती. दादाची कंबर धरायची तेव्हा वहिनी मलम घेऊन आली तर तो डबी तिच्या हातातून घेई, माझं मी बघतो म्हणे, आणि बाथरूममध्ये आरशापुढे वाकडा होऊन हात पोचेल तिथपर्यंत लावे. दोन वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं घरी यायला बाहेरची एक बाई ठेवली, अंग पुसायला, कपडे बदलायला. ती बाई खोलीत असताना वहिनी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असे, हाक आलीच तर म्हणून. हाक कधी आली नाही. आणि ती बाई शोधून दिली होती तिनंच. तेव्हाही तिला ते कुठं खटकलं नव्हतं. चांगली बाई मिळाली, विश्वासाची, असं ती दादाला म्हणाली होती.

आणि ती वही. बाबा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ती दादाकडे गेली होती, तेव्हा वहिनीनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एक शाळकरी वही पुढे केली. वरच्या पानावर रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, वेळ, डावी कूस, उजवी कूस. पुढे बरोबरच्या खुणा. आठ वाजता डावी. दहा वाजता उजवी. बारा वाजता डावी, दोन वाजता उजवी. रात्रीच्या खुणा थोड्या वाकड्या, झोपेत केल्यासारख्या. दीड वर्षाच्या खुणा होत्या त्यात, बाबा अंथरुणाला खिळल्यापासूनच्या. “वन्सं, तुम्ही कागद वाचता,” वहिनी म्हणाली, “हे एकदा वाचता का?” दादा बाहेर पेपर वाचत होता. ती म्हणाली, राहू दे वहिनी, आता त्याचं काय. हेही हळूच म्हणाली. परक्या माणसांच्या फायली ती पहिल्या पानापासून वाचायची, आणि ती वही तिनं हातातसुद्धा घेतली नव्हती. वहिनीनं वही मिटली, ओट्यावर ठेवली, मग पुन्हा उचलून फडताळात ठेवली आणि विचारलं, चहा टाकू का. चहा तिनं घेतला होता. गोड होता.

तळघरात कोणीतरी शिंकलं. नेमाप्रमाणे तिची पहिली फाईल अजून हातावेगळी झाली नव्हती, म्हणजे बोलायचं नव्हतं. ती उठली, फाईल घेतली आणि समोरच्या टेबलाशी गेली. कोडच्या तक्त्याखाली कानटोपींची आद्याक्षरं होती. डॉक्टरांना शंका विचारायची झाली तर प्रश्न असा लिहायचा असतो की उत्तर प्रश्नात दिसता कामा नये. जखम घरून आली होती ना, असं विचारायचं नाही, जखम कधीपासून आहे ते कृपया नोंदवावे, असं विचारायचं. तिनं तसाच विचारला.

“ही तुम्ही केली होतीत. मुख्य निदान कशावरून घेतलंत?”

“पहिलं पान सकाळी सकाळी बोललं,” कानटोपी म्हणाले, “म्हणजे आज माझं काही खरं नाही.” त्यांनी चष्मा लावला, तक्ता बघितला, नाव बघितलं आणि एका कानावरची टोपी वर सरकवली. एरवी ती फक्त घरून फोन आला की वर सरकायची. “अहो, ही तुमच्या वडलांची.”

“हो.”

“मग तुम्ही उघडलीत कशाला?”

तिनं पुन्हा तेच विचारलं, कशावरून घेतलंत. कानटोपी बराच वेळ पानं चाळत राहिले. मग फाईल मिटून त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

“तुमच्यावरून,” ते म्हणाले. “कागदांचा मेळ नव्हता. सिस्टर लिहिते कातडी चांगली, डॉक्टर लिहितात बेडसोर. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहून ठेवली होती. तेवढ्यात तुम्ही सुट्टी संपवून कामावर आलात. चहाच्या वेळी मी म्हटलं, जखम घरूनच होती ना हो? तुम्ही हो म्हणालात. म्हटलं, घरचंच माणूस सांगतंय, डॉक्टरांना कशाला त्रास. चिठ्ठी फाडली.” मग ते म्हणाले, “चुकलंच माझं. असा प्रश्न विचारायचा नसतो.”

“प्रश्नाचं काय घेऊन बसलात,” ती म्हणाली. “उत्तर कुठं बरोबर होतं.”

तिला ते चहाचं बोलणं आठवत नव्हतं. शोधलं तरी सापडेना. कागदी कप आठवत होता, त्याच्या काठावर नखानं पाडलेल्या खाचा आठवत होत्या, पण ‘हो’ म्हटलेलं आठवत नव्हतं, आणि ते म्हटलं असणार यात शंकाही नव्हती. म्हणजे कॉरिडॉरमध्ये बोललेलं वाक्य दोन ठिकाणी जाऊन बसलं होतं. एक दादाच्या पाठीत, एक या फायलीत. फायलीतलं दुरुस्त करायला एका पानाचा अर्ज होता. कानटोपींना आपलीच फाईल तपासता येत नव्हती, तिला बापाची तपासता येत नव्हती, म्हणून दोघांनी मिळून अर्ज भरून विभागाच्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चाळला, म्हणाले, मुख्य निदान लघवीचा संसर्ग, जखमेपुढे ‘नाही’, सरळ केस आहे, यात एवढं काय. नातं वगैरे काही त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. अर्जाला तसा रकानाच नव्हता. जखम हॉस्पिटलात झाल्याची नोंद वर दर्जा समितीकडे जाईल, ते म्हणाले, सहा वर्षांपूर्वीची आहे, फार तर आकडा एकानं वाढेल. त्यांनी सही केली, शाई वाळावी म्हणून कागद हवेत हलवला. अकरा वाजायच्या आत बाबा पुन्हा ताप आणि जळजळ घेऊन आले होते, धडधाकट पाठीनं, सुनेबरोबर. काम झालं होतं. ती जागेवर येऊन बसली आणि पुढची फाईल ओढली. अपेंडिक्स. साधी होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. जिन्याखाली जिथं जुन्या व्हीलचेअर ठेवतात तिथं जाऊन तिनं वहिनीला फोन लावला. ती वहिनीला एरवी फोन करत नसे. दादाला करायची, आणि वहिनी कशी आहे ते दादालाच विचारायची. वहिनीनं फोन उचलल्याबरोबर विचारलं, कोण, वन्सं, सगळं बरं आहे ना. मागं कुकरची वाफ जात होती. बरं आहे म्हणून तिनं सांगितलं आणि मग एका दमात, वर-खाली न होता, फाईल वाचून दाखवावी तसं सगळं सांगितलं. दाखल झाले तेव्हा बाबांची पाठ स्वच्छ होती, सिस्टरनं तपासून लिहिलंय. लाली चौथ्या दिवशी आली, जखम सहाव्या. इथं झाली ती, वहिनी. घरी नव्हती. सिस्टरनं निगा चांगली आहे असंही लिहिलंय. कागद आज दुरुस्त झाला. एवढं बोलून ती थांबली. कुकरचा आवाज बंद झाला, बहुतेक वहिनीनं गॅस बंद केला असावा. रडतेय की काय असं वाटलं, पण रडण्याचा आवाज नव्हता.

“मला कशाला सांगता?” वहिनी म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, खरंच विचारत असल्यासारखा होता. “मला माहीत नव्हतं का? मी रोज बघत होते त्यांची पाठ.”

व्हीलचेअरच्या एका चाकाला हवा नव्हती. ती त्या चाकाकडे बघत राहिली.

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, वहिनी?”

“बोलले की. वही दिली होती ना तुम्हाला.” मागं ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. “तुम्ही हॉस्पिटलातल्या, वन्सं. तुमच्यापुढं माझी वही कोण वाचणार होतं. यांनी तुमचं ऐकलं, आणि खरं सांगू, काही दिवस मीसुद्धा ऐकलं. रात्री उठून आठवायची, कुठली खूण चुकली असेल. एक दिवस डुलकी लागली होती, दोनाची कूस साडेतीनला बदलली होती. म्हटलं तेव्हाच झालं असेल.”

तिला काहीतरी म्हणायचं होतं. माफ करा हे दोन शब्द तोंडाशी येऊन बसले होते, पण ते इतके हलके होते की फोनमधून पलीकडे पोचतील असं वाटेना. वहिनीच पुढं म्हणाली, “मला सांगून झालं. आता यांना सांगा. फोनवर नको. घरी येऊन सांगा, मी समोर असताना. हे सहाला येतात.”

“येते.”

“आणि सांगायचं तर सगळं सांगा. अर्धं नको.”

वहिनी कुठल्या अर्ध्याबद्दल बोलते आहे हे विचारायची गरज नव्हती. बाकावर बसलेली वहिनी, इथली सगळी आपली माणसं आहेत, मी बघते. कुठल्याच फायलीत ते नव्हतं. त्याची नोंद सहा वर्षं दोनच बायकांकडे होती, आणि त्यातली स्वतःकडची ती कधी उघडत नव्हती.

“सगळं सांगते, वहिनी,” ती म्हणाली. “आजच. कबूल.”

“बरं,” वहिनी म्हणाली, आणि मग सवयीनंच असावं, “जेवलात का?” ती हो म्हणाली. खोटं बोलली. ते लगेच लक्षात आलं, तेव्हा पुन्हा म्हणाली, नाही, अजून नाही जेवले. जेवून घ्या, वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारभर ती फायली करत राहिली. निमोनिया. बाळंतपण. मधुमेहानं न भरणारा अंगठा. एका बाईला तिसऱ्या दिवशी ताप भरला होता, पण आली होती ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी. तिनं खडे वर घेतले, तापापुढे ‘नाही’ भरलं. हात नेहमीसारखा चालत होता. मधे मधे ती स्वतःला चाचपून बघत होती, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तशी. दादाचा चेहरा समोर आणून बघितला. तो काय म्हणेल. तो ऐकून घेईल, चष्मा काढून पुसेल आणि विचारेल, मग तेव्हा तू असं का म्हणालीस. त्याचं उत्तर तिच्याकडे होतं आणि ते एका वाक्याचं होतं. मला घाबरायला झालं होतं, दादा, मी बघते म्हणाले होते आणि बघितलं नव्हतं. हे वाक्य तिनं मनात चार वेळा म्हटलं, चारही वेळा ते सपाट आलं, हजेरी घेतल्यासारखं. कदाचित त्यानंतर तो तिच्याशीही तसाच वागेल, भांडण न करता, ठरल्यासारखा येईल-जाईल, आणि तिच्याकडे पाठ करणार नाही. तेही तिनं समोर आणून बघितलं. दुखेल असं वाटलं होतं. दाबून बघितलं तरी दुखेना. बाबा गेले त्या दिवशीही असंच झालं होतं, आणि लोक म्हणाले होते, किती धीराची.

पाच वाजता तिनं फायलींच्या नाड्या बांधल्या, पेनं खणात टाकली, न उघडलेला डबा पिशवीत ठेवला. कानटोपींनी घड्याळाकडे बघितलं. ती कधी साडेपाचच्या आत उठत नसे. त्यांनी टोपी दोन्ही कानांवर नीट ओढली आणि म्हणाले, “दादांकडे?” ती हो म्हणाली. “उत्तर आलं बघा प्रश्नातच,” ते म्हणाले, आणि दोघंही थोडं हसले, हसण्यापुरतं. लिफ्टपाशी पेशंटची खाट घेऊन दोघे वॉर्डबॉय उभे होते, म्हणून ती जिन्यानं वर गेली. बाहेर उजेड होता. रस्त्याच्या पलीकडे थांब्यावर सहा-सात माणसं, एक बाई कानाशी फोन धरून मान हलवत होती. दादाचं घर इथून तीन थांबे. बसनं गेलं तर दहा मिनिटं, चालत पाऊण तास, आणि सहाला पोचायचं होतं. ती फाटकाशी उभी राहिली. इथं तरी काहीतरी वाटेल असा तिचा अंदाज होता. भीती वाटेल, पाय जड होतील, नाहीतर निदान रडू येईल आणि मग रडत रडत जाता येईल, ते सोपं पडलं असतं. माणसं तिला वळसा घालून आत-बाहेर करत होती. आत काहीच हलत नव्हतं. वाटण्याची वाट बघत थांबलं तर सहा वाजून जातील, एवढंच तिला कळत होतं. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन तिनं रस्ता ओलांडला आणि ती दादाच्या घराकडे चालू लागली.